राखाडे आणि तेरा ठिपके

राखाडे हे त्यांचं आडनाव नव्हतं. वनखात्याच्या नकाशा विभागात त्यांचा कॉम्प्युटर होता, आणि त्या कॉम्प्युटरचा स्क्रीन बारा महिने राखाडी असायचा. कुणीतरी एकदा गमतीत राखाडे म्हटलं आणि ते चिकटलं. पुढे बाहेरच्या कार्यालयांतून ‘श्री. राखाडे यांस’ अशी पत्रं यायला लागली. ती माझ्या टेबलावरून जायची, कारण आवक-जावक मी सांभाळायचे. मला सगळे जावकबाई म्हणायचे. आवकबाई का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. राखाड्यांना मी म्हटलं, पत्रांवर तुमचं खरं नाव घालायला कळवू का? ते म्हणाले, “पत्र मिळतंय ना? मग झालं.”

असा माणूस. सकाळी नऊला यायचा, डबा खिडकीत ठेवायचा, पडदा खाली ओढायचा आणि जंगल बघायला बसायचा. जंगल तिथून शंभरेक किलोमीटर लांब होतं.

त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाला. तीन टेबलं, आणि नकाशांचं सपाट खणांचं एक लोखंडी कपाट. कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात साहेबांचे चिखलाचे बूट असायचे, त्यामुळे तो खण कुणी उघडत नसे. मी रोज एकदा टपाल घेऊन त्या खोलीत जायचे, तेवढ्यात काम काय चालतं ते मला कळत गेलं.

दर पाच दिवसांनी एक उपग्रह आमच्या जंगलावरून जायचा आणि फोटो काढायचा. त्या फोटोत आपल्या डोळ्याला दिसतो तो उजेड असतो, आणि न दिसणाराही असतो. पानात पाणी भरपूर असलं, की त्या न दिसणाऱ्या उजेडातला एक प्रकार पानं पिऊन टाकतात. झाड तहानलं, की तोच उजेड परत फेकतात. आमचं जंगल सगळं पाईनचं. त्याला रोग एकच, साल पोखरणारा भुंगेरा. हे भुंगेरे सालीखाली शिरले की झाडाचं पाणी हळूहळू वर चढायचं थांबतं. पण बाहेरून झाड हिरवंच असतं, महिना-दीड महिना अगदी ठणठणीत वाटतं. मग ते लाल पडतं. लाल पडलं की समजायचं, भुंगेरे पोरंबाळं घेऊन शेजारच्या झाडावर राहायला गेले. आता कापून उपयोग नाही.

म्हणजे हिरवं असताना पकडायचं, हे राखाड्यांचं काम.

विभागातले बाकीचे दोघे हे फोटो रंगीत करून बघायचे. भडक, नजरेत भरणारं चित्र असायचं. पाहुणे आले की साहेब तेच दाखवायचे. राखाडे फक्त त्या पाण्याच्या उजेडाचा एकच थर घ्यायचे, काळ्या-पांढऱ्यात. त्यातून मागच्या वर्षीचा त्याच आठवड्याचा फोटो वजा करायचे आणि जे उरेल त्याच्याकडे बघत बसायचे. बहुतेक वेळा काहीच उरायचं नाही. अशी त्यांची चौदा वर्षं गेली होती.

त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला कक्ष एकशे चौदामध्ये तेरा ठिपके उरले.

कक्ष म्हणजे जंगलाचा एक तुकडा. खात्याने सगळ्या जंगलाचे असे आकडे पाडलेले आहेत. आणि एक ठिपका म्हणजे वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद एवढं जंगल. तेरा ठिपके एकमेकांना चिकटून होते आणि आजूबाजूपेक्षा जरासे फिकट होते. राखाड्यांनी पाच दिवस वाट पाहिली. पुढच्या फोटोत ढग होते. आणखी पाच दिवस थांबले. ठिपके तेराच होते, पण आणखी फिकट. मग ते उठून साहेबांकडे गेले.

साहेब आमचे वाईट नव्हते. फक्त त्यांना डंख बसलेला होता. दोन वर्षांपूर्वी राखाड्यांनी असेच ठिपके दाखवले होते, कक्ष सत्त्याण्णवमध्ये. तिथला गार्ड अकरा किलोमीटर चढून गेला, तर झाडंच नव्हती. खात्यानेच ती मागच्या महिन्यात रीतसर कापली होती. बुंध्यांवर खात्याचे शिक्के होते. ते कापल्याचं पत्र आमच्याकडे आलेलं होतं, मी ते नोंदवलंही होतं, पण ते नकाशा विभागात न जाता दुसऱ्याच फाइलला लागलं होतं. त्या दिवसापासून राखाडे साहेबांच्या खोलीत शिरले की साहेब आधीच विचारायचे, “झाडं आहेत ना?”

या वेळीही विचारलं. राखाडे म्हणाले, “आहेत. पण तहानली आहेत.”

साहेबांनी एकशे चौदाच्या गार्डला फोन लावला. या गार्डला सगळे मामा म्हणायचे. एकतीस वर्षं जंगलात काढलेला माणूस, एकेका झाडाला नावानिशी ओळखणारा. झाडांना नावं नव्हती ही गोष्ट वेगळी. दुसऱ्या दिवशी दुपारी मामांचा फोन आला. साहेबांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

“साहेब, बरोबर जागेवर उभा आहे. वर बघतोय. हिरवंगार आहे. इतकं हिरवं, की मलाच जागेचा संशय आला. यंत्रावर दोनदा बघितलं.”

साहेबांनी फोन ठेवला आणि राखाड्यांकडे बघितलं. “आता काय म्हणणं आहे?”

“म्हणणं तेच आहे,” राखाडे म्हणाले. “मी जाऊन बघतो.”

“तुम्ही?” साहेबांना हे नवीन होतं. राखाडे कधी जंगलात गेलेले नव्हते. “जायचं तर पंचनामाच करून या, म्हणजे एकदाचं मिटेल. पंचनाम्याला गार्ड धरून तीन सह्या लागतात. जावकबाईंना घेऊन जा. त्यांच्याकडे उद्या काय आहे?”

माझ्याकडे एकसष्ट पत्रं होती. पण साहेबांनी मला विचारलं नव्हतं, राखाड्यांना विचारलं होतं.

जीपने तीन तास आणि मग पायी दोन तास. माझ्या पायात ऑफिसच्या चपला होत्या. मामा पुढे चालत होते आणि मागे न बघता बोलत होते. “वरून बघून झाडाला काय झालंय ते कळतं म्हणे. मी खालून बघतो तर मला कळत नाही. आता वरून बघणारे खाली आलेत. आता बघू.” राखाडे मागे पडले होते. धाप लागल्यामुळे असेल.

जागेवर पोचलो. मला तर ते जंगल फार छान वाटलं. मामांनी हात वर केला, एखादा दुकानदार माल दाखवतो तसा. “बघा.”

राखाड्यांनी वर बघितलंच नाही. ते थेट एका झाडाजवळ गेले आणि नाक सालीला लागेल इतक्या जवळून बघायला लागले. मग म्हणाले, “मामा, हा भुसा कसला?”

“कसला भुसा?”

“हा.”

मामा जवळ गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. “कुठाय?”

मीही वाकून बघितलं. मला साल दिसत होती. राखाड्यांनी सालीच्या भेगेत बोट फिरवलं आणि आमच्यासमोर धरलं. बोटावर कॉफीच्या पुडीसारखी बारीक पूड होती. सालीचा रंग आणि त्या पुडीचा रंग इतका एक होता की आम्हा दोघांची नजर वरून घसरून जात होती. त्यांची घसरत नव्हती. त्यांनी पुढच्या झाडावर दाखवली, त्याच्या पुढच्यावर दाखवली. दहा झाडं झाली तेव्हा मामांनी कमरेचा सुरा काढला आणि सालीचा तळहाताएवढा तुकडा उचकटला.

आत बोगदे होते. मधे एक उभा, आणि त्याला दोन्ही बाजूंनी फुटलेले बारीक आडवे, कंगव्याचे दात असावेत तसे. मधल्या बोगद्यात एक काळपट किडा बसला होता, तांदळाच्या दाण्याहून जरा लहान. राखाड्यांनी तो हळूच तळहातावर घेतला.

“हाच का?” त्यांनी मामांना विचारलं.

“हाच. तुम्ही बघितला नव्हता?”

“चौदा वर्षं याच्याच मागे आहे. भेट आज होतेय.”

ते बराच वेळ बघत राहिले. किडा त्यांच्या अंगठ्याकडे चालायला लागला. मामा एका दगडावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, “मी वर बघत बसलो. खाली बघायला पाहिजे होतं.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, हे पंचनाम्यात लिहू नका.” मी लिहिलं नाही.

त्यानंतर रिबनी बांधायच्या होत्या. लागण झालेल्या झाडांना लाल, आणि बाहेरच्या निरोगी झाडांच्या कडेला हिरवी, म्हणजे कापणाऱ्यांना हद्द कळेल. राखाड्यांनी दोन्ही रिळं पिशवीतून काढली आणि पहिल्या भुसा लागलेल्या झाडाला रिबन बांधली.

“राखाडे, ही हिरवी आहे,” मी म्हटलं.

“हो का.” त्यांनी ती सोडली आणि दुसऱ्या हातातल्या रिळाची बांधली. पुढच्या झाडाशी रिळं पिशवीत ठेवून परत काढली, आणि पुन्हा हिरवी बांधली. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी माझा चेहरा बघितला असावा. दोन्ही रिळं माझ्याकडे देत ते म्हणाले, “असं करू. रिबन तुम्ही द्या, गाठ मी मारतो. माझ्या गाठी पक्क्या बसतात.”

मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. मामा लांब होते. संध्याकाळपर्यंत मी रिबनी दिल्या आणि त्यांनी गाठी मारल्या. दोनशे बारा झाडं झाली. गाठी खरंच पक्क्या होत्या.

परतताना मामा ड्रायव्हरशेजारी पुढे बसले आणि लगेच घोरायला लागले. मी हळूच विचारलं, “पहिल्यापासून?”

“जन्मापासून,” राखाडे म्हणाले. “लाल आणि हिरवा. बाकीचं सगळं ठीक आहे.”

मग त्यांनी सांगितलं, तेही खिडकीबाहेर बघत, दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तसं. तरुणपणी त्यांना गार्डच व्हायचं होतं. परीक्षेला गेले, धावण्यात दुसरे आले. मग डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं. बाकीच्या मुलांना त्या ठिपक्यांत आकडे दिसत होते. “डॉक्टर म्हणाले, काय दिसतंय? मी म्हटलं, ठिपके. ते म्हणाले, पुढचा.” चार वर्षांनी नकाशा विभागात जागा निघाली. त्या अर्जात डोळ्यांबद्दल एवढंच होतं की वाचता येतं का. त्यांनी लिहिलं, येतं. पुढे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

“आणि नकाशे? त्यांत तर रंगच असतात.”

“कॉम्प्युटरवर रंगांच्या चौकटी असतात. लाल पहिल्या ओळीत पहिला. हिरवा तिसऱ्या ओळीत दुसरा. जागेवरून ओळखतो.”

“घरी माहीत आहे?”

“तिला लग्नानंतर तिसऱ्या दिवशी कळलं.” त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, रंगाच्या दुकानात शेड जुळवायचं काम करत. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा घेऊन यायचं आणि वहिनी हुबेहूब तसा रंग कालवून द्यायच्या. “मी बाजारातून टोमॅटो आणले होते. एक किलो, सगळे कच्चे. तिने टोमॅटोंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, अच्छा. तेव्हापासून टोमॅटो तीच आणते.”

“मी कुणाला सांगणार नाही,” मी म्हटलं.

“ते माहीत आहे,” राखाडे म्हणाले. “नोंद केल्याशिवाय तुम्ही काही बाहेर सोडत नाही.”

पंचनामा झाला, साहेबांनी वाचला, आणि या वेळी ‘झाडं आहेत ना’ म्हणाले नाहीत. भुंगेऱ्यांची नवी पिढी बाहेर पडायला तीन आठवडे होते. त्याच्या आत दोनशे बारा झाडं कापून, उचलून जंगलाबाहेर न्यायची होती. कापणाऱ्या टोळीचा मुकादम ठरला. राखाड्यांनी नकाशा करायला घेतला: मधे लागण झालेला भाग, त्याच्याभोवती राखायचा निरोगी पट्टा.

त्याच आठवड्यात कॉम्प्युटरवर नवा प्रोग्राम घातला गेला होता. जुन्यासारखाच होता, फक्त कुणाला तरी रंगांच्या चौकटी नव्या क्रमाने लावाव्याशा वाटल्या होत्या. राखाड्यांनी पहिल्या ओळीतला पहिला घेतला, तिसऱ्या ओळीतला दुसरा घेतला, आणि नकाशा छापून माझ्याकडे पाठवला.

मी तो बघितला का? बघितला. त्यात लाल होतं, हिरवं होतं. आत काय आणि बाहेर काय असायला हवं हे मला पुरतं ठाऊक होतं. रिबनी मीच दिल्या होत्या. आणि राखाड्यांना काय दिसत नाही, हे त्या इमारतीत फक्त मला ठाऊक होतं. पण टपाल चारला जातं आणि चारला पाच मिनिटं होती. मी जावक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि घडी घातली.

चार दिवसांनी मुकादम पाच माणसं आणि करवती घेऊन रस्त्याच्या बाजूने कक्ष एकशे चौदामध्ये शिरला. त्याच्या नकाशात बाहेरचा पट्टा लाल होता. त्याने कापायला सुरुवात केली. झाडांवर लाल रिबनी दिसेनात, तेव्हा त्याला वाटलं, वाऱ्याने गेल्या असतील. दुपारी मामा वर चढत होते, त्यांना करवतीचा आवाज भलत्याच बाजूने आला. ते पळत पोचले.

“हे काय चाललंय?”

“नकाशात लाल आहे,” मुकादम म्हणाला.

मामांनी नकाशा घेतला, सरळ धरून बघितला, उलटा धरून बघितला. “लाल आहे खरं,” ते म्हणाले. तोवर अडतीस झाडं आडवी झाली होती. सगळी निरोगी. मामांनी ऑफिसच्या हुकमाची वाट बघितली नाही. टोळीला हाताला धरून आत नेलं, लाल रिबनी दाखवल्या आणि त्याच दुपारी खऱ्या झाडांवर करवत चालायला लागली. फोन त्यांनी त्यानंतर केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या खोलीत बैठक झाली. साहेब, मामा, मुकादम, राखाडे, विभागातले दोघे आणि मी. साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला होता आणि ते भिंग घेऊन त्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या रंगांच्या सूचीवर वाकले होते. एकाएकी ते सरळ झाले. चेहरा उजळला होता.

“सूची बरोबर आहे!” ते म्हणाले. “हे वाचा. बाधित भाग, हिरवा चौकोन. राखायचा पट्टा, लाल चौकोन. नकाशा तांत्रिकदृष्ट्या अचूक आहे. मुकादम, तुम्ही सूची वाचली नाही.”

मुकादम म्हणाला, “साहेब, बावीस वर्षं लाल कापतोय.”

“पण सूची?”

“बावीस वर्षं सूचीतही लाल म्हणजे कापायचं, हेच होतं. मग वाचायचं काय?”

“ते काही असो. दोष नकाशाचा नाही.” ऑफिसातल्या सगळ्यांचे खांदे जरा सैल पडले. आता मुकादमाला पुढच्या हंगामाचं काम मिळणार नव्हतं, पण ऑफिसवर बालंट येणार नव्हतं. मुकादमाने टोपीची घडी घातली, उलगडली, परत घातली. मी टेबलावरच्या टाचणीकडे बघत होते.

“साहेब, नकाशा चुकलाय,” राखाडे म्हणाले. “रंग मी लावले. मला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही.”

साहेब हसले. दुसरं कुणीच हसलं नाही, तेव्हा ते थांबले. “वेगळा दिसत नाही म्हणजे?”

“एकच दिसतात.”

मग अशा वेळी जे होतं ते झालं. साहेबांनी फाइलची दोरी उचलली. “ही कशी आहे?” विभागातल्या एकाने पेन दाखवलं. दुसऱ्याने पाण्याची बाटली. राखाडे प्रत्येकाला शांतपणे सांगत होते, “नाही सांगता येत.” मुकादमाने आपली बाही पुढे केली. “आणि हा शर्ट?”

“नाही सांगता येत.”

“हा कुणालाच सांगता येत नाही,” मुकादम म्हणाला. “धुऊन धुऊन गेलाय.”

साहेबांनी दोरी खाली ठेवली. “मग चौदा वर्षं तुम्ही जंगल बघता कसं?”

“दाखवतो,” राखाडे म्हणाले.

आम्ही सात जण त्या तीन टेबलांच्या खोलीत मावलो नाही. मामा दारात उभे राहिले. राखाड्यांनी आधी रंगीत फोटो लावला, पंचनाम्याच्या आधीचा, कक्ष एकशे चौदाचा. “यात कुणाला काही दिसतंय?” कुणाला काही दिसत नव्हतं. झकास रंग होते. मग त्यांनी तोच दिवस राखाडीत लावला. सगळे पुढे वाकले.

“ते काय,” मुकादम बोट दाखवत म्हणाला, “फिकट. मधे.”

“तेरा आहेत,” राखाडे म्हणाले.

साहेबांना दिसायला जरा वेळ लागला. दिसले तेव्हा त्यांनी स्वतः मोजले.

आता गप्प राहणं मला जमेना. मी म्हटलं, “साहेब, राखाड्यांचं मला डोंगरावर कळलं होतं. आणि नकाशावर जावक क्रमांक मी टाकला.”

साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, “का? तुम्हालाही दिसत नाही?”

“मला दिसतं,” मी म्हटलं. “मी बघितलं नाही.”

साहेब खुर्चीत बसले. ती राखाड्यांची खुर्ची होती. मग मुकादमाला म्हणाले, “तुम्ही कामावर जा. तिकडे उशीर होतोय.” मुकादम दारापर्यंत गेला, परत आला, राखाड्यांचा हात हातात घेऊन हलवला आणि गेला.

चौकशी नऊ महिने चालली. मुख्यालयातून पत्रं आली, आमच्याकडून गेली. शेवटी नियमांचं पुस्तक निघालं. रंग ओळखता येणं गार्डला, वाहनचालकाला आणि आग विझवणाऱ्याला सक्तीचं होतं. उपग्रहाचे फोटो बघणाऱ्याबद्दल त्यात काही नव्हतं, कारण पुस्तक लिहिलं तेव्हा उपग्रह नव्हते. त्यामुळे राखाड्यांनी काही लपवलं असं ठरेना. चुकीच्या नकाशाबद्दल त्यांना लेखी ताकीद मिळाली, आणि न बघता शिक्का मारल्याबद्दल मला. माझी ताकीद मीच नोंदवली, मीच स्वतःला दिली आणि पोचल्याची सही केली.

साहेबांनी मात्र एक केलं. एका शनिवारी वहिनींना ऑफिसात बोलावलं. वहिनी दुकानातला शेडच्या पट्ट्यांचा, पंख्यासारखा उघडणारा मोठा जुडगा काखोटीला मारून आल्या, राखाड्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि एकेक जोडी त्यांच्यासमोर धरायला लागल्या. “अहो, हे वेगळं दिसतं?” “नाही.” “हे?” “थोडं.” “थोडं नको, पुढचं बघा. हे?” “हो.” दोन तास ते चाललं होतं. मधे मी चहा नेला, तर वहिनी मला म्हणाल्या, “घरचे पडदे घेताना हा माणूस एक शब्द बोलला नव्हता. आज बघा, मतं फुटलीत.”

त्यातून गडद निळा आणि फिकट पिवळा निघाले. तेव्हापासून आमच्या नकाशात कापायचं ते निळं, आणि वर आडव्या रेघा, म्हणजे रंग गेला तरी रेघ राहील. मुकादम पहिल्या वर्षी कुरकुरला. निळं बघून तळं असेल असं वाटतं, म्हणाला. पण सूची वाचायला लागला.

दोनशे बाराच्या दोनशे बारा झाडं मुदतीच्या दोन दिवस आधी जंगलाबाहेर गेली. पुढच्या वर्षी आजूबाजूला नऊ झाडांवर लागण सापडली, त्याच्या पुढच्या वर्षी दोन. शेजारच्या वनविभागात त्याच उन्हाळ्यात डोंगराच्या दोन बाजू गेल्या. त्यांना कळलं तेव्हा झाडं लाल झाली होती, आणि लाल सगळ्यांना दिसतं. म्हणजे जवळजवळ सगळ्यांना.

त्या वर्षाचा अहवाल राखाड्यांनीच लिहिला. त्यात जंगलाच्या हानीचा एक तक्ता असतो: आग, वारा, बर्फ, कीड, आणि प्रत्येकासमोर किती झाडं गेली तो आकडा. राखाड्यांनी खाली एक नवीन ओळ घातली होती. ‘नकाशाकार: अडतीस.’

साहेबांनी त्यांना बोलावलं. “ही ओळ काढा. असं कुणी लिहीत नाही.”

“झाडं गेली आहेत, साहेब.”

“ती ‘इतर’मध्ये घाला.”

“‘इतर’ म्हणजे कारण माहीत नसतं तेव्हा,” राखाडे म्हणाले. “इथे माहीत आहे.”

साहेबांनी पेन्सिलने त्या ओळीवर एक रेघ मारली, थोडा वेळ बघितलं आणि खोडरबराने स्वतःच पुसली. अहवाल तसाच गेला. जावक क्रमांक टाकायच्या आधी मी तक्ता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मुख्यालयाला वाटलं, हा नवा नमुना आहे. त्यांनी तो सगळ्या विभागांना लागू केला. आता दर वर्षी बर्फ आणि किडीच्या खाली नकाशाकाराची ओळ असते आणि जो तो तिथे शून्य भरतो.